डाळिंबाच्या सालीपासून केलेले आयर्न नॅनोपार्टिकल आणि डायक्लोफेनॅक: माझा ९१ टक्के रिझल्ट खरा धरायचा का?

साल_आणि_सूत

नमस्कार. मी सोलापूरची, एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय डाळिंबाच्या सालीपासून नॅनोपार्टिकल करून पाण्यातली औषधं काढायची. साल यासाठी की मामांची सांगोल्याकडे बाग आहे आणि तडकलेला, तेल्या रोग पडलेला माल तसाच बांधावर पडून असतो. आणि औषध यासाठी की आजी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं, म्हणजे त्या दुखण्यावरच्या औषधाचं, जेल लावते, गोळीही घेते, जेलमधलं बरंचसं कातडीत न जाता धुतलं की सरळ मोरीत जातं हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये की पुढे ते जातं कुठं. उजनीत पुण्याकडचं पाणी येतं, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि तेच पाणी शंभरेक किलोमीटर पाईपने आपल्या नळाला, तेही चार-पाच दिवसांनी एकदा. फिल्टर प्लांटमधली तुरटी, वाळू, क्लोरीन हे गढूळपणा आणि जंतूंसाठी आहे, गोळ्या-औषधांसाठी ते केलेलंच नाही.

मी काय केलं ते सांगते. साली सावलीत वाळवल्या, मिक्सरला बारीक केल्या, १० ग्रॅम पावडर १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ८० डिग्रीला अर्धा तास ठेवली, गाळून घेतली. त्यात ०.१ मोलर फेरिक क्लोराईड थेंब थेंब टाकलं, टाकताक्षणी काळंकुट्ट झालं. सेंट्रिफ्यूज केलं, दोनदा धुतलं, ओव्हनमध्ये वाळवलं. ५० मिलीग्रॅम काळी पावडर आणि ५० मिली डायक्लोफेनॅकचं पाणी, लिटरला २० मिलीग्रॅमवालं, बीकरमध्ये दोन तास गच्चीवर उन्हात ठेवलं आणि यूव्ही-व्हिजिबलवर (पाणी किती उजेड शोषतं ते मोजणारं मशीन) २७६ नॅनोमीटरला रीडिंग घेतलं. ९१ टक्के गेलं असं येतंय.

पण एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची टेस्ट) एकही पीक, म्हणजे टोकदार शिखर, नाही, नुसता एक उंचवटा. सगळे म्हणतात अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेलं, असं लिही आणि सोड. मला सोडवत नाहीये. हे खरंच आयर्न नॅनोपार्टिकल आहेत का, आणि ते ९१ टक्के खरंच त्यांनी केलंय का? दुसरं, बाबांचा छोटा रंगखाना आहे अक्कलकोट रोडला, तिथल्या पाण्याला हे चालेल का? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशनला दोन महिने आहेत.

---

प्रयोगवही

मी पण सोलापूरचाच, जुळे सोलापूर, आता पुण्यात पीएचडी करतोय, विषय पाण्यातले मायक्रोपोल्युटंट, म्हणजे औषधांसारखी अगदी थोड्या प्रमाणातली प्रदूषकंच, आहे. पहिलं म्हणजे तुला सोडवत नाहीये हे फार चांगलं लक्षण आहे, कारण तुझ्या प्रयोगात चार ठिकाणी ९१ टक्के आपोआप येऊ शकतात, पावडरने काहीच न करता.

ऊन. डायक्लोफेनॅक उन्हात स्वतःच तुटतं, आणि चांगलं झपाट्याने तुटतं, तळ्यांमध्येसुद्धा ते मुख्यतः उजेडानेच कमी होतं हे जुनं माहीत असलेलं आहे. सोलापूरचं ऊन, गच्ची, दोन तास. तू पावडर न टाकता नुसतं पाणी शेजारी ठेवलं होतंस का? नसेल ठेवलं तर ते पहिलं कर. आणि एक बीकर फॉइल गुंडाळून अंधारात, पावडर टाकून.

दुसरं ॲसिड. फेरिक क्लोराईडचं पाणी बरंच ॲसिडिक असतं आणि दोन धुण्यात ते सगळं निघत नाही. डायक्लोफेनॅकचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते आपला भार सोडायला लागतं तो आकडा, साधारण ४ च्या आसपास आहे, पाण्याचा पीएच त्याच्याखाली गेला की औषध विरघळलेलं राहतच नाही, पांढरं होऊन खाली बसतं. तू सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी मोजलंस तर मशीनला वाटणार औषध गेलं, आणि ते तर बीकरच्या तळाला बसलेलं आहे. म्हणून पावडर टाकल्यावर पीएच किती झाला ते आधी बघ, मग तेवढाच पीएच नुसत्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने करून पावडरशिवाय तोच प्रयोग कर.

तिसरं मोजमाप. २७६ ला डायक्लोफेनॅक दिसतं हे बरोबर, पण सालीतली पॉलिफेनॉल, म्हणजे टॅनिनसारखी तुरट द्रव्यं, पण त्याच भागात दिसतात. गॅलिक ॲसिड, एलॅजिटॅनिन, सगळी तिथेच आसपास. तुझ्या पावडरीतून थोडी जरी सुटली तरी रीडिंग वर जाईल, आणि ब्लँक, म्हणजे शून्य धरायचं पाणी, म्हणून तू पावडर टाकलेलं पाणी घेतलं असशील तर खाली जाईल. या कामाला यूव्ही-व्हिजिबल पुरत नाही, एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातलं एकेक द्रव्य वेगळं करून मोजणारं मशीन, पाहिजेच. आपल्या युनिव्हर्सिटीत नाही मिळाली वेळ तर एखाद्या फार्मसी कॉलेजला विचार, त्यांच्याकडे डायक्लोफेनॅकची मेथड बसवलेलीच असते बहुतेक.

चौथं, नुसतं फेरिक क्लोराईड. ते स्वतःच गाळ बसवणारं रसायन आहे, कितीतरी प्लांटमध्ये तुरटीऐवजी तेच वापरतात. तेवढंच लोखंड, साल न घालता, तोच पीएच, बघ काय येतं.

आणि लिटरला २० मिलीग्रॅम हे आकडे सगळेच घेतात कारण मशीनला दिसायला पाहिजे, पण नदीत औषधं लिटरला मायक्रोग्रॅमच्या खाली-वर असतात. समज ०.२ मायक्रोग्रॅम, तर तू लाखपट घट्ट पाण्यावर काम करतेयस. घट्ट पाण्यात जे पटकन चिकटतं ते पातळ पाण्यात तसंच चिकटेल असं नाही, तिथे माती, ह्युमिक (कुजलेल्या पाल्याची द्रव्यं), क्षार सगळे त्याच जागेसाठी भांडत असतात. निदान एक सेट नळाच्या पाण्यात आणि एक बोअरच्या पाण्यात औषध मिसळून कर, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार केवढे असतात तुला माहीतच आहे.

एक्सआरडीबद्दल मला एक शंका आहे पण ती उद्या लिहितो, आत्ता लॅब बंद व्हायलीय.

---

रंगखाना_अण्णा

पोरी, मी तुझ्यासारखा शिकलेला नाही, पण रंगात चाळीस वर्षं गेली, पूर्व भागात आमच्या वडलांपासून लडी रंगवायचं काम. तू जे लिहिलंस ना, सालीच्या पाण्यात लोखंडाचं मीठ टाकलं आणि टाकताक्षणी काळं झालं, ते वाचून मी दोनदा वाचलं. हे तर आमचं हिरडा-हिराकसचं काळं हाय की गं. जुने लोक सूत हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, पिळून वाळवायचे, मग हिराकसच्या, म्हणजे लोखंडाच्या मिठाच्याच, पाण्यात बुडवलं की सूत काळं. डाळिंबाच्या सालीनं बी होतंय, तुरटीसंगं साल घेतली तर पिवळा येतोय आणि हिराकस घेतलं तर राखाडी-हिरवट ते काळा, किती घालतोय त्याच्यावर. शाई पण अशीच करायचे. आता सगळं रिॲक्टिव्ह न् व्हॅट झालंय, हे कोण करत नाही, पण वडलांनी मला करून दाखवलं होतं.

मग मला कळेना झालंय, याला नॅनो का म्हणायचं? चुकीचं विचारत असेन तर सांग, पण मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

प्रयोगवही

अण्णा, काल मी जी शंका उद्या लिहितो म्हणालो होतो ती तुम्ही माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा सोपी करून लिहिलीत.

असंय बघा. पेपरमध्ये गोष्ट अशी सांगतात की वनस्पतीतली पॉलिफेनॉल लोखंडाच्या आयनला (पाण्यात विरघळलेला, भार असलेला कण) इलेक्ट्रॉन देतात, आयनचं धातूचं लोखंड होतं आणि त्याचे बारीक कण तयार होतात. चांदीच्या बाबतीत हे खरंच होतं, चांदीचा आयन पटकन इलेक्ट्रॉन घेतो, पाणी पिवळं-तपकिरी होतं आणि ४०० नॅनोमीटरच्या जरा वर एक ठसठशीत पीक येतं. पण लोखंड चांदीसारखं नाही. लोखंडाच्या आयनला पार धातूपर्यंत आणायला फार जोर लागतो, त्यासाठी लॅबमध्ये सोडियम बोरोहायड्राइड वापरतात. सालीतलं टॅनिन फेरिकचं फेरस करेल, धातू करणं त्याला अवघड. मग जे काळं दिसतं ते बहुतेक वेळा लोखंड आणि टॅनिन एकमेकांना धरून झालेलं कॉम्प्लेक्स असतं, म्हणजे अण्णांचं हिरडा-हिराकस, म्हणजे शाई. त्याचे कण नॅनो मापाचे असूही शकतात, त्यामुळे नॅनो हा शब्द खोटा नाही, पण झीरो-व्हॅलेंट आयर्न, म्हणजे धातूचं लोखंड, लिहिणं चुकीचं ठरेल. एक्सआरडीत पीक नाही त्याचं कारण पण हेच असणार, धातूचं लोखंड असतं तर कॉपरच्या ट्यूबवर ४४.७ डिग्रीच्या आसपास पीक दिसायला पाहिजे होतं.

म्हणून प्रोजेक्टमध्ये आयर्न-पॉलिफेनॉल नॅनोमटेरियल असं सरळ लिही. कुणी कमी मार्क देणार नाही, आणि दिले तरी तुझं वाक्य बरोबर राहील.

याच्यातून पुढची अडचण पण कळते. असल्या टॅनिनवाल्या कणांवर साध्या पाण्यात ऋण भार असतो आणि डायक्लोफेनॅकवर पण ऋणच, पीएच ७ ला. दोघं एकमेकांना ढकलणार. म्हणून मिथिलीन ब्ल्यूसारख्या धन भाराच्या रंगावर सगळ्यांचे रिझल्ट भारी येतात आणि डायक्लोफेनॅकवर ॲसिड केल्याशिवाय येत नाहीत. मला वाटतं तू औषधच बदलावंस.

---

मेडिकलवाली_ताई

माझं सात रस्त्याजवळ औषधाचं दुकान आहे, बी.फार्म आहे. मध्येच बोलते, राग मानू नका. औषध बदलायचं म्हणताय तर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घ्या की. आम्ही रोज गिऱ्हाइकाला सांगतो की सिप्रो घेताना लोहाची गोळी, कॅल्शियम, दूध सोबत घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या, कारण ते लोखंडाला धरून बसतं आणि अंगाला लागतच नाही. टेट्रासायक्लिन, डॉक्सीचं पण तेच. मग पोटात जे नको असतं ते पाण्यात पाहिजेच आहे ना आपल्याला?

आणि विषय म्हणून पण ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कंपन्यांचं सांडपाणी जिथं एकत्र साफ करतात तिथल्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं होतं, २००७ चा पेपर आहे, जगभर गाजला. रक्तात औषध म्हणून जेवढं असतं त्याच्याही वर. अशा पाण्यात जे जंतू टिकून राहतात त्यांच्यावर मग आपल्या गोळ्या चालत नाहीत. दुकानात दोन गोळ्या द्या म्हणून येणारे लोक बघितले की मला हे रोज आठवतं, मी चिठ्ठीशिवाय देत नाही, भांडणं होतात, होऊ देत.

डायक्लोफेनॅक पण साधं नाही, गिधाडं त्यानेच गेली, मेलेल्या जनावरात उरलेल्या एवढ्याशा औषधाने त्यांच्या किडन्या बंद पडल्या, म्हणून २००६ ला जनावरांसाठी ते बंद केलं. आजीला सांग जेल लावल्यावर लगेच हात धुवू नको, आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाक. एवढ्याने पण मोरीत जाणारं कमी होतं.

---

प्रयोगवही

ताई, लोहाच्या गोळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सिप्रोमध्ये शेजारी शेजारी कीटो आणि कार्बॉक्सिल असे दोन ऑक्सिजनवाले गट आहेत, ते दोघं मिळून फेरिकला चिमट्यासारखं धरतात, त्यामुळे इथे भाराची ढकलाढकली तेवढी आडवी येणार नाही. घे सिप्रो. फक्त ते पण उन्हात तुटतं, त्यामुळे सगळं अंधारात कर, आणि लोखंड सुटून पाण्यात येतंय का ते फिनॅन्थ्रोलिन या रसायनाने बघ, केशरी रंग आला की ५१० ला मोजायचं, ते तुमच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षालाच करतात. हे नक्की कर कारण पावडरमधून लोखंड सुटलं तर सिप्रो त्याला धरून पाण्यातच राहील, आणि मोजताना पण घोटाळा होईल.

---

ईटीपी_ऑपरेटर

मी टेक्स्टाईलच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर, काम करतो, चौदा वर्षं झाली. रंगखान्याच्या पाण्याबद्दल विचारलंय त्याचं उत्तर मी देतो, कारण हा प्रश्न दरवर्षी कुठलातरी कॉलेजचा ग्रुप घेऊन येतो आणि बिसलेरीच्या बाटलीत लाल पाणी नेऊन पांढरं करून आणून दाखवतो.

रिॲक्टिव्ह रंगाच्या पाण्यात रंग हा एक भाग झाला. मीठ असतं बादल्यांनी, सोडा ॲश असतो, पीएच १० च्या पुढे, गरम असतं, साबण असतो. रंग सगळा सुतावर बसत नाही, बराच धुण्यात निघून येतो. त्या अल्कलीत तुमचं टॅनिनवालं मटेरियल टिकणं अवघड, टॅनिन सुटून पाणी उलट तपकिरी होईल आणि सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ते सांगणारा आकडा) वाढेल. आधी न्यूट्रल करावं लागेल. आणि मीठ तुमच्या कुठल्याच नॅनोने जाणार नाही, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, तसाच राहणार, त्याला आरओ आणि बाष्पीभवनच, आणि ते छोट्या रंगखान्याला परवडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

रंग गेला म्हणजे विषय संपला असं पण नाही. ॲझो रंग (कापडाच्या रंगांतला एक मोठा प्रकार) तुटला की डोळ्याला पाणी पांढरं दिसतं पण त्याच्यातून ॲरोमॅटिक अमाईन निघू शकतात, ती रंगापेक्षा वाईट. म्हणून टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, किंवा निदान सीओडी दाखवा, फोटो दाखवू नका. आणि जर रंग तुटला नसेल, नुसता चिकटला असेल, तर तो आता तुमच्या पावडरीत आहे. ती पावडर म्हणजे गाळ. तो गाळ पोत्यात भरून ठेवायला जागा लागते, अधिकृत ठिकाणी पाठवायला पैसे लागतात, वजनावर लागतात. पेपरमध्ये या ओळीपर्यंत कुणी येतच नाही. पावडर बारीक जेवढी तेवढा लॅबमधला रिझल्ट भारी पण फिल्टर प्रेसच्या (गाळ दाबून पाणी काढायचं मशीन) कापडातून ती निसटते, आमच्या हातात ती परत येत नाही. तुमचं मटेरियल पाण्यातून परत कसं काढणार ते आधी सांगा, बाकी नंतर.

---

जुळे_सोलापूर_गृहिणी

मला केमिस्ट्री समजत नाही पण एक विचारू का, ही सालीची पावडर घरी करून पिण्याच्या माठात टाकली तर चालेल का? व्हिडिओ बघितला होता एक. पाणी चार दिवस साठवून ठेवावं लागतं आमच्याकडे म्हणून विचारते.

---

प्रयोगवही

नाही ताई, अजिबात टाकू नका. ही पावडर पिण्यासाठी तपासलेली नाही, त्यातून लोखंड सुटतं, टॅनिन सुटतं आणि त्या टॅनिनवर साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात, क्लोरीन पण ते खाऊन टाकतं. गढूळ पाण्यासाठी आपल्याकडे निवळीचं बी उगाळून लावायचे, शेवग्याच्या बियांची पूड वापरायचे, ते गाळ खाली बसवायला खरंच चालतं, शेवग्याच्या बियांतल्या धन भाराच्या प्रथिनामुळे माती एकत्र येऊन बसते. पण त्याने औषधं जात नाहीत, आणि जंतूंसाठी नंतर उकळणं किंवा क्लोरीन लागतंच. औषधांसाठी घरात चांगला कार्बन फिल्टर किंवा आरओ बरंचसं काम करतो, कार्ट्रिज वेळेवर बदललं तर.

तसं बघितलं तर तो कार्बन पण नारळाच्या करवंटीचाच असतो बहुतेक, म्हणजे वनस्पतीचंच. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून कायदा आहे की निवडक सांडपाणी प्रकल्पांनी मायक्रोपोल्युटंट ८० टक्के काढले पाहिजेत, आणि ते वापरतात काय तर ओझोन आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन. म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये साल_आणि_सूत, एक कॉलम, म्हणजे वरून पाणी सोडायचं भरलेलं नळकांडं, करवंटीच्या कार्बनचा ठेवच. तेवढ्याच वजनाला कार्बनपेक्षा तुझं चांगलं आलं तर बोलायला जागा आहे. आणि सोलापुरात तांदळाच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला टाटा स्वच्छ कितीतरी घरात होता, २००९ ला आला तेव्हा, ते पण असंच वनस्पती आणि नॅनो एकत्र, फक्त त्यात चांदी राखेला धरून बसलेली होती, सुट्टी नव्हती. ईटीपीवाले दादा म्हणतात ती गोष्ट हीच आहे, कण कशाला तरी धरून बसला पाहिजे.

---

रंगखाना_अण्णा

कशाला तरी धरून बसला पाहिजे म्हणता, तर सुताला धरून बसतोय की ओ! आम्ही काळं सुतावरच करायचो, पाण्यात पावडर कुठं करायचो. हिरड्याचं टॅनिन सुताला धरतंय, म्हणून तर आधी हिरडा आणि मग हिराकस. उलटं केलं तर रंग धुतला की जातोय. पोरी, तू पावडर करू नको, सूत काळं कर. मागावरचं वेस्ट सूत किलोनं पडलेलं असतंय इथं, ते बांधून नळकांड्यात भरलं आणि वरनं पाणी सोडलं तर गाळायची भानगडच नाही, काम झालं की सूत उचलून बाहेर.

एक मात्र ध्यानात ठेव. हिराकस जास्त झालं की सूत कुजतंय, वर्षभरात हातानं ओढलं की तुटतंय. जुनी काळी चौकट अशीच आधी विरायची, बाकीचं कापड चांगलं राहायचं.

---

ईटीपी_ऑपरेटर

अण्णांचं हे मला पटलं. सूत प्रेसमधून निसटत नाही. वजनाला पण सुतासकट गाळ किती होतो ते मोज, आणि तेच सूत किती वेळा वापरता येतं ते.

---

साल_आणि_सूत

सगळ्यांना उत्तर द्यायला नऊ दिवस लागले कारण मी आधी प्रयोग केले.

नुसत्या उन्हात, पावडर न टाकता ठेवलेल्या बीकरमधलं निम्म्याहून जास्त डायक्लोफेनॅक गेलं. पावडर टाकल्यावर पीएच ३ च्या खाली होता, आणि तेवढाच पीएच ॲसिडने केला तर बीकरच्या तळाला पांढरी साय आली, ती मी आधी कधी बघितलीच नव्हती कारण काळ्या पावडरीत ती दिसणार कशी. पीएच ७ करून, अंधारात, माझ्या पावडरने जवळजवळ काहीच काढलं नाही. ९१ टक्के मी वहीत खोडलं नाही, त्याच्याशेजारी हे सगळं लिहून ठेवलं. वाईट वाटलं, एक दिवस लॅबला गेलेच नाही.

मग वेस्ट सूत घेतलं, सोड्यात उकळून धुतलं, सालीच्या अर्कात रात्रभर ठेवलं, वाळवलं, हिराकसच्या पातळ पाण्यात बुडवलं. पहिल्यांदा हिराकस जास्त घेतलं आणि अण्णा म्हणाले तसंच झालं असावं, सूत आत्ताच कडक लागतंय. दुसरी लडी पातळ पाण्यात केली ती राखाडी आलीय. धुतल्यावर पहिल्या दोन पाण्यांत लोखंड येतं, चौथ्या पाण्यात फिनॅन्थ्रोलिनला केशरी येत नाही. सिप्रोसाठी एका फार्मसी कॉलेजने एचपीएलसीचे दोन दिवस दिलेत, पुढच्या आठवड्यात. करवंटीचा कार्बन पण आणलाय, आणि नुसतं न रंगवलेलं सूत तिसऱ्या कॉलमला.

अण्णा, लडी किती वेळ हिरड्यात ठेवायची आणि मध्ये किती वाळवायची हे मला लिहून कळत नाहीये. तुमच्याकडे येऊन बघितलं तर चालेल का? बाबा म्हणतात ते पण येतो म्हणून.

---

रंगखाना_अण्णा

रविवारी सकाळी लवकर ये, ऊन वर यायच्या आत लडी टाकायला पाहिजे. हिराकस माझ्याकडं डब्यात आहे, हिरडा बाजारातनं फोडलेला आण, अख्खा नको. डाळिंबाची साल पण आण, दोन्ही शेजारी शेजारी करून बघू. आणि कापड खराब होणार नाही असलं काहीतरी घालून ये, हा काळा निघत नाही.